घरात कुत्रा-मांजर असताना कॉर्डलेस व्हॅक्युम घ्यावा, की वायरचाच बरा?

ओसरी

कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरासाठी कॉर्डलेस स्टिक व्हॅक्युम (बॅटरीवर चालणारा, काठीसारखा हातात धरायचा) घेताना बहुतेक जण खोक्यावरचा सक्शनचा आकडा पाहतात आणि त्यावरच निर्णय घेऊन मोकळे होतात. माझे मत असे आहे की फरशीच्या घरात, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या बहुतेक फ्लॅटांत, निवड तळाशी फिरणाऱ्या रोलरवरून करावी, त्यानंतर बॅटरी सुटी काढून बदलता येते का ते पाहावे आणि सक्शनचा आकडा सर्वांत शेवटी विचारात घ्यावा.

हल्ली खोक्यावर '२५,००० पास्कल' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. पास्कल हे दाबाचे एकक आहे. यंत्राचे तोंड पूर्ण बंद केल्यावर आत किती ओढ निर्माण होते, एवढेच त्यावरून कळते. केस आणि कोंडा उचलला जातो तो वाहत्या हवेमुळे, आणि तोंड बंद असताना हवा वाहतच नाही. दाब आणि हवेचा प्रवाह या दोन्हींचा हिशेब धरणारे 'एअर वॅट' हे माप त्यामानाने अधिक प्रामाणिक आहे, परंतु स्वस्त यंत्रांवर ते बहुधा दिलेलेच नसते. त्याजागी मोटरचे वॅट दिलेले असतात, आणि त्यावरून मोटर किती वीज खाते यापलीकडे काही समजत नाही.

आता रोलरविषयी. ताठ दातांचा रोलर गालिच्यासाठी बनवलेला असतो. गुळगुळीत फरशीवर तो वेगाने फिरू लागला की कुत्र्याच्या खाण्याचे दाणे आणि मांजराच्या लिटरचे (शौचाच्या डब्यातल्या मातीचे) खडे उचलण्याऐवजी चारी दिशांना उडवतो. फरशीसाठी मऊ कापडी रोलर लागतो. तो फरशीला पूर्ण रुंदीभर टेकतो, त्यामुळे बारीक धूळही पुसून घेतो आणि मोठे कणही आत जाऊ देतो. केसांचा प्रश्न मात्र दोन प्रकारचा आहे. पर्शियन मांजराचे लांब केस रोलरभोवती गुंडाळले जातात आणि हळूहळू टोकाच्या बेअरिंगमध्ये शिरून रोलर जाम करतात. लॅब्राडोरचे आखूड, ताठ केस गुंडाळले जात नाहीत, पण सोफ्याच्या विणीत रुतून बसतात आणि नुसत्या ओढीने निघत नाहीत. पहिल्या घराने केस एका टोकाकडे सरकवणारा निमुळता रोलर किंवा आत कंगवा बसवलेले हेड पाहावे, दुसऱ्या घराने स्वतःची मोटर असलेला छोटा ब्रश सोबत मिळतो की नाही ते विचारावे. हवेच्या झोताने फिरणारा छोटा ब्रश गादीवर दाबताच थांबतो, तो नसल्यात जमा समजावा.

विरोधी मते अवश्य मांडावीत.

तीन_मजले_जिना

मूळ प्रश्नच मला मान्य नाही. स्टिक कोणता घ्यावा याआधी स्टिक घ्यावाच का, हे ठरायला हवे.

साधा हिशेब करून पाहू. चांगल्या स्टिकमध्ये २५.२ व्होल्टची, साधारण २,५०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे एकूण साठा ६३ वॅट-तासांचा झाला. मोटर पूर्ण शक्तीवर ४०० वॅट खात असेल, तर हा साठा साडेनऊ मिनिटांत संपतो. जाहिरातीतली 'साठ मिनिटे' ही सर्वांत कमी वेगावरची असतात, आणि पुष्कळदा रोलरची मोटर न लावता मोजलेली असतात. सोफा, दोन गाद्या आणि पडदे यांतून कुत्र्याचे केस काढायचे म्हटले, तर पूर्ण शक्तीच लागते. डब्याचे मापही पाहावे: स्टिकचा डबा बहुधा अर्धा ते पाऊण लिटरचा असतो, आणि केस वजनाला हलके पण आकाराने अफाट असल्यामुळे लॅब्राडोरच्या केसगळतीच्या दिवसांत तो एका खोलीतच भरतो. वायरच्या यंत्राला यातली कोणतीच अडचण नाही. १९८० च्या दशकात दारोदार येणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतलेले युरोक्लीन आजही अनेक घरांच्या माळ्यावर आहेत, आणि त्यांतले कित्येक प्लग लावल्यावर चालू होतात. आजच्या स्टिकची बॅटरी इतकी वर्षे टिकेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

फरशीवरच्या केसांसाठी झाडू आणि ओले फडके पुरते. कापडावरच्या केसांसाठी आठवड्यातून एकदा वायरचे यंत्र काढावे. या दोहोंच्या मध्ये चाळीस हजारांचे यंत्र कोठे बसते, ते मला समजलेले नाही.

ओसरी

आपला बॅटरीचा हिशेब बरोबर आहे. निष्कर्ष मान्य नाही. आपण स्वतःच लिहिले आहे की ते यंत्र 'माळ्यावर' आहे. केस दररोज गळतात आणि माळ्यावरचे यंत्र दररोज खाली येत नाही. फुलझाडूने कोरडे केस लोटले, की त्यांतले निम्मे पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा पलंगाखाली जातात. ओले फडके फिरवले, तर ते ओले होऊन कोपऱ्यात चिकटतात आणि मग कशानेच निघत नाहीत. भिंतीवर टांगलेले यंत्र पाच मिनिटांसाठी हातात घेता येते, आणि फरशीवर त्याला पूर्ण शक्ती लागतच नाही. रोज पाच मिनिटे केस उचलले गेले, तर सोफ्यात रुतायला ते कमीच उरतात.

लीड्सहून_अनघा

इंग्लंडमधील भाड्याच्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, तेव्हा येथून लिहिताना मला रोलरबाबत उलटेच सांगावे लागेल: कापडी रोलर गालिच्यावर निरुपयोगी आहे, ताठ दातांचाच हवा. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की भारतातले माझे नातेवाईक इंग्लिश आणि अमेरिकी चाचण्यांचे व्हिडिओ पाहून यंत्र निवडतात. त्या चाचण्यांतले गुण मुख्यतः गालिच्यातून खोलवरची धूळ काढण्यासाठी दिलेले असतात. ज्या घरात गालिचाच नाही, त्याने त्या गुणांसाठी पैसे का मोजावेत?

आकड्यांवर किती विसंबावे, याविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. युरोपीय संघाने २०१४ पासून व्हॅक्युमवर ऊर्जा-लेबल सक्तीचे केले होते. त्यासाठीची चाचणी रिकाम्या डब्याने घेतली जात असे, म्हणून डायसन कंपनी न्यायालयात गेली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबलचे नियम रद्द ठरवले. बॅटरीवर चालणारी यंत्रे मुळात त्या लेबलच्या कक्षेत नव्हतीच. पण मुद्दा येथेही लागू पडतो: रिकाम्या डब्यावर मोजलेली ओढ आणि डबा अर्धा केसांनी भरलेला असतानाची ओढ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिसवांबद्दलही लिहिते, कारण गालिच्यात त्यांचा त्रास फार होतो. पिसवेची अंडी गुळगुळीत असल्यामुळे जनावराच्या अंगावरून गळून जमिनीवर पडतात. कोषातली पिसू व्हॅक्युमच्या कंपनाने जागी होऊन बाहेर येते, म्हणजे औषधोपचार चालू असताना यंत्र फिरवणे उपयोगाचेच आहे, पण डबा त्याच वेळी घराबाहेर नेऊन रिकामा करायला हवा.

धूळवड_नको

आपण सगळे केसांवर बोलत आहात. आमच्या घरात प्रश्न केसांचा नाहीच. मुलीला मांजराची अॅलर्जी आहे आणि मांजर घरातच राहणार, हेही ठरलेले आहे. अॅलर्जी होते ती मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होणाऱ्या 'फेल डी १' नावाच्या प्रथिनामुळे. ते इतक्या सूक्ष्म कणांवर बसते की हे कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. त्यामुळे ओसरीताईंचा क्रम मला मान्य नाही. आमच्यासारख्या घराने रोलरच्या आधी फिल्टर पाहावा, आणि नुसता 'हेपा' (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर) हा शब्द पाहून थांबू नये. एच १३ दर्जाचा फिल्टर गाळायला सर्वांत अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, परंतु हवा फिल्टरला वळसा घालून सांध्यांतून बाहेर पडत असेल, तर त्या टक्केवारीला अर्थ उरत नाही. संपूर्ण यंत्र हवाबंद आहे, असे कंपनीने स्पष्ट लिहिलेले असावे.

आणि इथेच मी जिनेवाल्यांच्या बाजूने झुकते. स्टिकचा डबा कचऱ्यात उलटा केला की धुळीचा जो लोट उठतो, त्यातून दिवसभराची मेहनत परत नाकात जाते. वायरच्या यंत्रातली कापडी किंवा कागदी पिशवी तोंड बंद करून टाकता येते. तशीच पिशवी असलेला, डबा आपोआप रिकामा करणारा तळ काही स्टिकना मिळतो, पण त्याचे वेगळे पैसे पडतात.

आणखी एक अडचण पावसाळ्याची. धुतलेला फिल्टर परत बसवण्यापूर्वी किमान २४ तास वाळवावा, असे बहुतेक पुस्तिकांत लिहिलेले असते. जुलैत कोकणात तो दोन-तीन दिवसांतही वाळत नाही, आणि दमट फिल्टर बसवला तर यंत्रातून ओल्या कुत्र्यासारखा वास येऊ लागतो. खरेदीच्या वेळीच दुसरा फिल्टर घ्यावा.

वर्धा_रोड

बॅटरीबद्दल विदर्भातून थोडेसे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. पूर्ण चार्ज होऊन ४० अंशांच्या वर पडून राहिली, की तिची क्षमता लवकर घटते. येथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि लोक चार्जिंगचा स्टँड पश्चिमेच्या बाल्कनीत बसवतात! तो घरातल्या सावलीच्या भिंतीवर असावा, आणि यंत्र वापरल्यावर बॅटरी थंड होऊ देऊन मगच चार्जिंगला लावावे. सुटी बॅटरी आज कितीला मिळते, हेही दुकानदाराला विचारून घ्यावे. उत्तर देताना तो घुटमळला, तर ते यंत्र घेऊ नये. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

तीन_मजले_जिना

म्हणजे रोलर, मोटरचा छोटा ब्रश, हवाबंद फिल्टर, जास्तीचा फिल्टर, पिशवीचा तळ आणि काही वर्षांनी नवी बॅटरी. यादी वाढत चालली आहे आणि माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

कुंदा_जोशीबाग

एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केलेला नाही: हे यंत्र चालवणार कोण? आमच्याकडे केर-फरशीला मावशी येतात, आणि अनेक घरांत असेच असते. स्टिकची मोटर, बॅटरी आणि डबा हे सगळे मुठीपाशी असते; दोन-अडीच किलोंचे ते वजन मनगटावर येते. वायरच्या यंत्रात ते जमिनीवर चाकांवर असते आणि हातात फक्त नळी राहते. काही स्टिकचे बटण सतत दाबून धरावे लागते. पन्नाशीतल्या बाईने तीन खोल्या बटण दाबून धरत फिराव्यात, ही अपेक्षा मला बरी वाटत नाही. एकदा दाबून चालू राहणारे बटणच घ्यावे, आणि घेण्यापूर्वी यंत्र मावशींच्या हातात देऊन पाहावे. आमच्या मावशींनी दुकानात एक यंत्र उचलून पाहिले आणि 'ताई, माझा झाडूच राहू द्या' असे सांगून विषय संपवला.

मांजरवाल्यांसाठी एक सूचना. बेंटोनाइट मातीच्या लिटरची भुकटी फिल्टर फार लवकर चोंदवते. लिटरच्या डब्याभोवतीचे खडे सुपलीनेच भरावेत. आणि शू किंवा उलटी यांच्या जवळपासही कोरडे यंत्र नेऊ नये.

ओसरी

कुंदाताई, वजनाचा मुद्दा पूर्णपणे मान्य. माझ्या क्रमात तो बॅटरीच्या आधी यायला हवा. धूळवड_नको यांच्या घरासाठी फिल्टर पहिला, हेही मान्य, कारण तिथे गरजच वेगळी आहे. जिनेवाल्यांना मात्र एवढेच सांगते की ज्या डायसन कंपनीचा वर उल्लेख आला, तिने २०१८ मध्येच वायरच्या यंत्रांवरचे नवे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. म्हणून स्टिक श्रेष्ठ ठरतो असे नाही, पण रोलरमधल्या सुधारणा आता कोठे होणार, ते त्यावरून दिसते.

ज्यांना यंत्र घ्यायचेच आहे, त्यांनी कुत्र्याच्या कंगव्यात निघालेले केस पिशवीत भरून दुकानात न्यावेत, तिथल्या सोफ्यावर हाताने चोळून बसवावेत आणि मग प्रात्यक्षिक मागावे. विक्रेते सहसा कॉर्नफ्लेक्स किंवा पांढरी पावडर फरशीवर टाकून दाखवतात, आणि ती कोणतेही यंत्र उचलते.

तीन_मजले_जिना

केस घेऊन जाण्याची युक्ती चांगली आहे. मी लॅब्राडोरचे केस नेईन, आणि शेजारी वायरचे यंत्रही लावायला सांगेन.