एडवर्डला गादी सोडावी लागली, कॅमिला राणी झाली. १९३६ साली अन्याय झाला का?

पैलतीर:
६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत कॅमिलाच्या डोक्यावर मुकुट चढताना मी टीव्हीसमोर बसले होते आणि मनात सारखा आठवा एडवर्ड येत होता, वॉलिस सिम्पसनशी लग्न करण्यासाठी १९३६ मध्ये ब्रिटनची गादी सोडावी लागलेला राजा. कॅमिला घटस्फोटित, पहिला नवरा हयात. वॉलिस सिम्पसनची अडचण हीच होती, फक्त तिचे असे दोन नवरे होते. एक राणी झाली. दुसरीला लग्नानंतर ‘हर रॉयल हायनेस’ म्हणवून घ्यायचीही मुभा मिळाली नाही.

घटस्फोटितेशी लग्न केलं तर गादी सोडायची, असा कायदा ब्रिटनमध्ये कधीच नव्हता. १७०१ च्या वारसा कायद्याला कॅथलिक जोडीदार चालत नव्हता, पण घटस्फोटाबद्दल त्यात अवाक्षर नाही. उलट १७१४ मध्ये गादीवर आलेला पहिला जॉर्ज स्वतःच घटस्फोटित होता. मग १९३६ मध्येच आभाळ का कोसळलं? माझ्या मते तो सरळसरळ अन्याय होता.

कलमबहाद्दर:
ताई, पूर्ण असहमत. कायदा नव्हता हे खरं, पण राजा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख असतो. पहिला जोडीदार जिवंत असताना पुन्हा लग्न करणं त्या चर्चला तेव्हा मान्य नव्हतं. ज्या चर्चचं प्रमुखपद घ्यायचं त्याचाच नियम मोडायचा, हे कसं चालेल?

त्याहून मोठा मुद्दा राज्यघटनेचा. एडवर्डने मधला मार्ग सुचवला होता: लग्न होऊ द्या, वॉलिस राणी होणार नाही. पंतप्रधान बाल्डविनच्या मंत्रिमंडळाने तो नाकारला, डोमिनियनांनीही (साम्राज्यातल्या कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या स्वशासित देशांनी) पाठिंबा दिला नाही. विरोधी पक्षनेते अ‍ॅटलीसुद्धा पंतप्रधानांच्याच बाजूने. राजाने सल्ला धुडकावला असता तर सरकारने राजीनामा दिला असता आणि निवडणूक ‘राजा विरुद्ध मंत्री’ अशी झाली असती. तारखाही बघा. वॉलिसचा घटस्फोट पक्का झाला ३ मे १९३७ ला आणि राज्याभिषेक ठरला होता १२ मे ला. नऊ दिवसांची फट! त्याच १२ मे ला धाकटा भाऊ सहावा जॉर्ज म्हणून अभिषिक्त झाला.

गावठाण:
थोडं अवांतर, पण आपल्या जवळचं. हाच एडवर्ड युवराज असताना नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत उतरला. शहरात हरताळ, मग दंगली. त्याच दौऱ्यात त्याने पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसवली. १९३६ मध्ये तो आपलाही सम्राट होता, पण ज्या डोमिनियनांचं मत घेतलं त्यांत हिंदुस्थान नव्हता. एडवर्डबद्दल मला फारशी कणव वाटत नाही ती म्हणूनच. त्याच्यापुढे निवड तरी होती.

सायली_क:
मला पैलतीर यांचं पटतं, पण उदाहरण राणी एलिझाबेथची धाकटी बहीण मार्गारेट हिचं घ्यायला हवं होतं. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो हवाई दलातला ग्रुप कॅप्टन टाउनसेंड घटस्फोटित. १७७२ च्या राजविवाह कायद्यामुळे पंचविशीच्या आत राणीची, म्हणजे सख्ख्या बहिणीची, परवानगी हवी. ऑगस्ट १९५५ मध्ये ती पंचवीस वर्षांची झाली आणि ३१ ऑक्टोबरला तिने लग्न न करण्याचं निवेदन काढलं. ख्रिस्ती विवाह अविच्छेद्य असतो, ही चर्चची शिकवण त्यात तिच्याच तोंडी होती. पुढे जे लग्न केलं तेही १९७८ मध्ये मोडलं.

कलमबहाद्दर:
मार्गारेटबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण नियम सैल झाला तो पायरीपायरीने, आणि हेच योग्य. चर्चने २००२ मध्ये अपवाद म्हणून अशा लग्नांना वाट दिली. तरी ९ एप्रिल २००५ ला चार्ल्स-कॅमिलाचं लग्न चर्चमध्ये लागलं नाही. विंडसरच्या गिल्डहॉलमध्ये नोंदणी पद्धतीने लागलं. राणी तिथे गेली नाही, नंतरच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेला आली. त्या प्रार्थनेत दोघांनी १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली पापाची कबुली सगळ्यांसमोर म्हटली. डायना आठ वर्षांपूर्वीच गेलेली, म्हणजे चार्ल्स विधुर, तरीही. एडवर्डला हे सगळं काही महिन्यांत हवं होतं.

पैलतीर:
मंत्र्यांच्या सल्ल्याचा मुद्दा मान्य. एडवर्डपुरता ‘सरळसरळ अन्याय’ हा शब्द मी मागे घेते. पण दादा, ‘पायरीपायरीने’ म्हणताना त्या पायऱ्यांखाली कोण गाडलं गेलं तेही बघा. पहिल्या जॉर्जची बायको सोफिया डोरोथिया. १६९४ मध्ये घटस्फोट झाला, तिला पुनर्विवाहाची बंदी झाली आणि जर्मनीतल्या आल्डेनच्या वाड्यात नजरकैद. तिशी गाठण्याआधीच कैदेत गेलेली ही बाई १७२६ मध्ये तिथेच मेली. दोन्ही मुलं तिला पुन्हा कधी दिसली नाहीत. तिला सोडणारा नवरा मात्र इंग्लंडचा राजा झाला, त्याला चर्चने अडवलं नाही.

आणि मार्गारेट? १९५५ मध्ये वारसाक्रमात तिच्यापुढे राणीची मुलं चार्ल्स आणि अ‍ॅन होती, ती तिसरी. गादीला धोका कुठे होता? २०१३ च्या कायद्याने पहिल्या सहा वारसांनाच राजाची परवानगी लागते. हॅरी लग्नाच्या दिवशी सहावा होता, मेगन घटस्फोटित, तिचाही पहिला नवरा हयात. आजीने परवानगी दिली आणि १९ मे २०१८ ला सेंट जॉर्ज चॅपलमध्ये, चर्चच्याच विधींनी, लग्न लागलं. नातवाला जे दिलं ते बहिणीला द्यायला काय हरकत होती, एवढंच सांगा.

कलमबहाद्दर:
हरकत चर्चची होती आणि राणीने शपथ त्याच चर्चपुढे घेतली होती, अवघ्या दोन वर्षांपूर्वी, जून १९५३ मध्ये. माझं उत्तर एवढंच. मार्गारेटला ते पुरलं असतं असं मात्र मी म्हणणार नाही.