आंतरजोडणी की अंतर्जोडणी?

प्रश्न: समांतर संगणकांवर लेख लिहितो आहे. त्यातले प्रोसेसर एकमेकांना प्रकाशाने निरोप धाडतात, त्या 'ऑप्टिकल इंटरकनेक्ट'ला 'प्रकाशीय अंतर्जोडणी' म्हणावं का?

प्रतिसाद: 'प्रकाशीय' चालेल, 'अंतर्जोडणी' नको. अंतर्गत, अंतर्मन, अंतर्वस्त्र यांतलं 'अंतर्' म्हणजे आत. दोघांच्या मधलं दाखवायला मराठीत 'आंतर' रुळलं आहे: आंतरजातीय, आंतरशालेय.

आणि हा भेद यंत्रातही दिसतो. गूगलच्या 'टीपीयू व्ही४' संगणकात ४,०९६ चिपा आहेत, एका रॅकमध्ये, म्हणजे संगणकांच्या एका कपाटात, ६४. रॅकमधल्या चिपा आपसात तांब्याने जोडलेल्या. रॅकबाहेर पडलं की काचतंतू, आणि वाटेत इवलेसे आरसे. आरसा जरा कलला की प्रकाश दुसऱ्याच रॅककडे वळतो, एकही केबल उपटावी लागत नाही. म्हणजे रॅकपुरतं बोलायचं तर अंतर्जोडणी तांब्याची, आंतरजोडणी प्रकाशाची. 'इंटरकनेक्ट' या एका शब्दात हे मावत नाही, मराठीत मावतं. ते घालवू नका.

दुसरा प्रतिसाद: पण संस्कृतात 'आंतर' म्हणजेही आतलंच ना? 'परस्परजोडणी' का नको?

पहिले प्रतिसादक: संस्कृतापुरतं तुमचं बरोबर आहे. पण आंतरजातीय विवाह म्हटल्यावर तो जातीतल्या जातीत झाला असं मराठी माणूस समजत नाही. आणि जोडणी म्हटली की परस्परता आलीच, पुन्हा सांगायला नको.

लेख लिहिताय म्हणून आणखी एक. 'निरोप प्रकाशवेगाने जातात, म्हणून हे तंत्र' असं कृपया लिहू नका. काचेतून प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटीमीटर जातो. चांगल्या तांब्याच्या केबलमधला संकेतही साधारण तेवढाच. फरक पडतो टिकण्यात. संकेत जितका भरभर बदलावा तितका तांब्यात तो लवकर विरतो. एका तारजोडीवरून सेकंदाला १०० गिगाबिट धाडायचे, तर साधी तांब्याची केबल दोन-तीन मीटरांत मान टाकते. काचतंतू तेच शेकडो मीटर नेतो, शिवाय वेगवेगळ्या तरंगलांबीचे निरोप एकाच तंतूतून जातात, एकमेकांत मिसळत नाहीत.

'प्रकाशीय संगणक'ही टाळा. आकडेमोड चिपेत विजेवरच होते, प्रकाश फक्त निरोप्या.

प्रश्नकर्ता: आभार. 'आंतरजोडणी' घेतो. चिपेच्या पोटातल्या तारांसाठी 'अंतर्जोडणी' राखून ठेवतो. वेगाबद्दलचं वाक्य मी नेमकं तसंच लिहिलं होतं, ते काढतो आहे.