व्याख्यानानंतर लोकांना वाचायला काय देता?

घोणसवाला: गणपतीत गावोगाव सापांवर बोलतो. शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड, आत बारा लिंका. परवा मंडपात रेंजच नव्हती. पोरांनी कोडचा फोटो काढला, आज्या तशाच उठल्या. एक म्हणाली, "बाळा, कागद असंल तर दे की." तुम्ही काय देता?

मास्तर_४२: बारा लिंका कोण उघडतंय! एकच ए-फोर, टाइप मोठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचे फोटो रंगीतच हवेत. आमच्या शाळेत झेरॉक्स वाटली होती, त्यात घोणस नि अजगर एकच दिसत होते.

रानवाटा: मागच्या बाजूला 108 ठळक. खाली: चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना. या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, हेही लिहा; नाहीतर कुठला साप ते डॉक्टरांना दाखवायला लोक साप मारून सोबत नेतात. आणि कागद भाषणाआधी वाटू नका, पंखे होतात.

घोणसवाला: पंखे झाले तरी घरी जातील ना! व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकू?

मास्तर_४२: नको, साधा फोटो. पीडीएफ आमच्या ग्रुपवर मीच एकटा उघडतो.