भावाचा एमआरआय नॉर्मल आला, मग आजार नाहीच का? घरात भांडण पेटलंय

राजारामपुरी_अकरावी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीपासून खोलीतनं बाहेर येईना, शेजारचे टेरेसवर उभं राहून माझ्याबद्दलच बोलतात म्हणायचा, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर टेप चिकटवलेली, रात्र रात्र झोप नाही. घरच्यांनी आधी नृसिंहवाडीला नेला, दोन पौर्णिमा केल्या, मग मीच भांडून सायकिअॅट्रिस्टकडे घेऊन गेलो (होय मुलगीच आहे मी, आम्ही असंच बोलतो, कोल्हापूरच्या बाहेरच्यांनी दचकू नये). डॉक्टर म्हणाले सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयानं खरं-खोटं कळेनासं होण्याचा, पहिला एपिसोड आहे, गोळी चालू केली, रक्त तपासायला सांगितलं आणि मेंदूचा एमआरआय. तो काल आला, खाली एकच ओळ, विशेष दोष आढळला नाही.

झालं, पप्पांचं सुरू. मशीनला काही दिसलं नाही म्हणजे डोकं ठणठणीत आहे, गोळ्या बंद करा. त्यात काकांनी व्हॉट्सॅपवर वाचलंय की याच गोळ्यांनी मेंदू आकसतो. आणि मी स्वतः नेटवर वाचलो की या आजारात मेंदूच आकसतो आणि ते स्कॅनमध्ये दिसतं. तिघांचं एकाच वेळी खरं कसं असेल? कुणी नीट समजावून सांगेल का, शुक्रवारी परत डॉक्टरांकडे जायचंय आणि पप्पा यायला तयार नाहीत.

फिल्मवाला

ताई, मी एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. रिपोर्ट कसा निघतो तेवढं सांगतो, गोळ्यांचं डॉक्टर लोक सांगतील.

रेडिओलॉजिस्ट फोटो डोळ्यांनी बघतात. गाठ आहे का, सूज आहे का, रक्तस्राव, पाणी साठलंय का, हे बघायचं असतं आणि ते नसलं की नॉर्मल लिहितात. तुम्ही नेटवर वाचलं ते रिसर्चवाल्यांचं काम, ते वेगळंच आहे. ते लोक साधारण एक एक मिलिमीटरच्या ठिपक्यांत अख्ख्या मेंदूचा फोटो घेतात, मग सॉफ्टवेअर प्रत्येक भाग वेगळा करून त्याचं आकारमान आणि वरच्या सालीची जाडी मोजतं. ती जाडी असते दोन-तीन मिलिमीटर, आणि त्यात फरक शोधायचा तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. एवढं बारीक डोळ्याला कुठलं दिसणार!

अजून एक, पेशंट जरा जरी हलला तरी ती साल आहे त्यापेक्षा पातळ मोजली जाते. आणि ज्याला वाटतंय की या बोगद्यात घालून माझे विचार वाचतात तो हलणारच की. १.५ टेस्लाच्या आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनचे आकडेसुद्धा जसेच्या तसे जुळत नाहीत. परवा एक जण फिल्म घेऊन आला, म्हणाला यात भास कुठं दिसतात ते दाखवा. काय बोलायचं सांगा.

रात्रपाळी

सायकिअॅट्रीत रेसिडेंट आहे, ड्युटीवरून टाईप करतोय, चुका दिसल्या तर पोटात घाला.

फिल्मवाला दादांचं बरोबर आहे. पहिल्या एपिसोडला आम्ही एमआरआय सांगतो तो सायकोसिस शोधायला नाही, दुसरं काही नाही ना हे बघायला. ट्यूमर, मेंदूतला संसर्ग, आपल्याकडे टेपवर्मच्या अळीच्या गाठी पण सापडतात, त्यांनीही माणूस असं वागू शकतो. तुमच्या भावात यातलं काही दिसलं नाही, चांगली बातमी आहे, पण निदान आवाज, संशय, झोप, किती दिवस चाललंय यावरूनच होतं आणि ते तुमच्या डॉक्टरांनी केलंय. फिट आली, ताप आला, अचानक गोंधळल्यासारखा झाला, हातपाय वेडेवाकडे हलायला लागले तर मात्र लगेच सांगा, कारण मेंदूला सूज येण्याचा एक प्रकार असा आहे की त्यात एमआरआय नॉर्मल येऊ शकतो.

आता नेटवर वाचलेलं. तेही खरं आहे. १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिमोथी क्रो यांच्या टीमनं स्किझोफ्रेनियाच्या (सायकोसिस लांबत जाणारा आजार) १७ जुन्या पेशंटचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा सीटी नवीनच होतं, आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पण मला सगळ्यात आवडतो तो १९९० चा जुळ्यांवरचा अभ्यास. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरा धडधाकट. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर १५ पैकी १२ जोड्यांत नुसत्या नजरेनं ओळखता आलं की आजारी कोण. आणि १५ पैकी १४ जोड्यांत आजारी भावंडाचा डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) लहान होता.

गंमत बघा आता. त्या जोड्यांतल्या काही आजारी लोकांचा फोटो एकटा दाखवला असता तर तो नॉर्मलच म्हणून गेला असता. जुळं शेजारी होतं म्हणून कळलं, की याचा मेंदू जेवढा असायला हवा होता तेवढा नाही. तुमच्या भावाचं जुळं नाही, त्यामुळे त्याचा मेंदू 'असायला हवा तेवढा' म्हणजे केवढा हे रेडिओलॉजिस्टला कसं कळावं? माणसामाणसाचे मेंदू मुळातच लहानमोठे असतात.

मोठ्या आकड्यांत पण हेच दिसतं. २०१६ साली एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२८ पेशंट आणि २५४० निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र करून मोजले. हिप्पोकॅम्पस सरासरीनं लहान, पोकळ्या सरासरीनं मोठ्या, पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांवर इतके चढलेले की एका आकड्यावरून माणूस कुठल्या गटातला ते सांगता येत नाही.

उसाचा_फड

म्हंजे आमच्या भाषेत सांगायचं तर दोन फड हाईत, एकात खत बरं पडलंय, दुसऱ्यात कमी. सगळा ऊस मोजला तर सरासरीत चार बोटाचा फरक येतोय. पन एकच ऊस उपटून हातात दिला आनि म्हटलं सांग कुठल्या फडातला, तर कोन सांगनार भावा? असंच न्हवं का?

रात्रपाळी

@उसाचा_फड अगदी असंच! लेक्चरला वापरणार हे. फक्त एक, उंची कमी भरली म्हणजे खतच कमी पडलं असं नाही, पाणी, बियाणं, रोग काहीही असेल. स्कॅनचंही तसंच, दारू, वजन, वय, अंगातलं पाणी कमी होणं, सगळ्यानं आकडे हलतात.

मोकळा_विचार

सगळं छान. पण काकांच्या प्रश्नाला बगल दिलीत डॉक्टर. गोळ्यांनी मेंदू आकसतो का, हो की नाही? सरळ उत्तर कुणी देत नाही हाच प्रॉब्लेम आहे.

रात्रपाळी

@मोकळा_विचार बगल नाही दिली, मधे वॉर्डमधून कॉल आला होता.

काका हवेत बोलत नाहीयेत. २००५ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी माकडांना १७ ते २७ महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलॅन्झापिन, म्हणजे सायकोसिसचीच औषधं, दिलं, तर मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं. ती माकडं आजारी नव्हती, म्हणजे ते औषधाचंच काम. २०११ मध्ये अमेरिकेत आयोवाला नॅन्सी अँड्रियासनच्या टीमनं २११ पेशंटचे वर्षानुवर्षं स्कॅन केले, ज्यांना औषध जास्त त्यांच्यात घट जास्त. अर्थात ज्याचा आजार जास्त त्यालाच डोस जास्त मिळतो, हा गुंता आहेच.

पण सगळं गोळ्यांवर ढकलता येत नाही. जर्मनीत १९२७ सालीच याकोबी आणि विंकलर यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडून एक्स-रे काढले होते, भयानक दुखायचं ते, आणि पोकळ्या मोठ्या तेव्हाही दिसल्या. पहिली अँटीसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरची, गोळी आली १९५२ मध्ये. तेव्हा काय व्हॉट्सॅपवरची गोळी खाल्ली होती लोकांनी? २००३ मध्ये मेलबर्नच्या टीमनं तर सायकोसिस व्हायच्या आधीच धोक्यातल्या तरुणांचे स्कॅन काढून ठेवले होते, पुढं ज्यांना झाला त्यांच्यात आधीपासूनच काही भाग कमी होते.

आणि २०२० चा एक ट्रायल, भास-भ्रमासकट डिप्रेशन असलेल्या, बऱ्या झालेल्या लोकांचा. निम्म्यांना ओलॅन्झापिन चालू, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, कुणाला काय ते चिठ्ठी टाकून ठरवलं. बरे राहिले त्यांच्यात ओलॅन्झापिनवाल्यांची साल पातळ झाली, म्हणजे काका बरोबर. पण साखरेच्या गोळीवर ज्यांचा आजार उलटला त्यांचीही पातळ झाली. म्हणजे गोळी सोडली की मेंदू वाचला, असं गणित नाही. आकसला म्हणजे पेशी मेल्या असंही नाही, स्किझोफ्रेनियात अल्झायमरसारखी पेशींची पडझड सापडत नाही.

तुमच्या पप्पांसाठी आकडा हा घ्या: २०१२ मध्ये ६५ ट्रायल एकत्र करून बघितलं तर वर्षभरात गोळी चालू असणाऱ्यांत १०० मागं २७ जणांचा आजार उलटला, बंद केलेल्यांत ६४. काकांच्या शंकेचा उपयोग डोस कमीत कमी किती ठेवता येईल हे विचारायला करा. पण डॉक्टरांसोबत, हळूहळू, घरात ठरवून नाही.

मोकळा_विचार

बरं. हे पटलं. आधी असं सांगितलं असतं तर काका पण आले असते बरोबर.

बिंदू_चौकातली_ताई

माझी नणंद नऊ वर्षं गोळ्यांवर आहे. पहिल्या वर्षी आमच्याकडंही हाच घोळ, एका डॉक्टरांनी स्कॅन नॉर्मल आहे एवढंच म्हणून फाईल हातात दिली, अर्थ सांगितलाच नाही, सासऱ्यांनी गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या महिन्यात ती रात्री दोनला रंकाळ्यावर सापडली. तू पप्पांशी वाद घालत बसू नकोस, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. आणि भावाला एकट्याला गोळीचा हिशोब ठेवायला लावू नका, आम्ही रात्री भाकरी थापताना देतो, विसर पडत नाही. फारच अडलं तर १४४१६ ला फोन करा, टेली मानस, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

राजारामपुरी_अकरावी_गल्ली

सगळ्यांचे खूप आभार, रडूच आलं वाचताना. पप्पांना आकडे सांगितलो तर मान हलवली आणि गप्प. मग उसाचं सांगितलो (आमची पण कागलकडं दोन एकर आहे) तर म्हणाले, मग तो एवढा महागाचा फोटो काढला कशाला? म्हटलं गाठ नाही हे कळलं की. यावर काही बोलले नाहीत, पण शुक्रवारी किती वाजता निघायचं ते विचारून गेले.

@रात्रपाळी एकच शेवटचं, सहा महिन्यांनी परत स्कॅन करून सुधारणा बघायची असते का? काका विचारतायत.

रात्रपाळी

नाही, उगाच नको. काही नवीन लक्षण आलं तरच. सुधारणा बघायची तर कॅमेऱ्यावरची टेप निघाली का बघा, झोप किती झाली ते वहीत लिहा, ती वही शुक्रवारी घेऊन जा.