कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीला) आतड्याची उजवी बाजू साफच मिळत नाही. लांबून एसटीने येणाऱ्या पेशंटचं काय करायचं, आणि एआय (पडद्यावर गाठी ओळखून दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

एंडो_टेक_धुळे
राम राम मंडळी. आमची कोलोनोस्कोपीची लिस्ट सकाळी ९ ला सुरू होते. निम्मे पेशंट बाहेरगावचे: शिरपूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव. पीईजीची (पोट साफ करायच्या औषधाची) २ लिटरची पावडर आदल्या संध्याकाळी ६ ते ८ मध्ये संपवायला सांगतो. डावी बाजू बरी मिळते, पण असेंडिंग (उजवीकडचा वर चढणारा भाग) आणि सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) पिवळट-तपकिरी चिकट थर, त्यावर फेस, आणि सक्शनमध्ये सालं अडकतात ती वेगळीच. बोस्टन स्कोअर (आतड्याच्या प्रत्येक भागाला स्वच्छतेचे ० ते ३ गुण) उजवीकडे १ च्या वर जात नाही. स्प्लिट डोस (निम्मं औषध आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे) माहीत आहे, पण पहाटे ४ ला जुलाबाचं औषध घेऊन माणूस ५ च्या एसटीत बसणार कसा? दुसरं म्हणजे, सरांनी एआय मॉड्यूलचं कोटेशन मागवलंय. अशा तयारीवर त्याचा उपयोग होईल का?

गॅस्ट्रो_जळगाव
रात्री ८ ला औषध संपलं आणि स्कोप सकाळी ९ ला, म्हणजे मध्ये १३ तास गेले. तेवढ्या वेळात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरतच राहतो, आणि तो आधी सीकममध्ये येऊन बसतो. डावी स्वच्छ, उजवी घाण, याचं कारण हेच. औषध कमी पडत नाहीये, वेळ चुकतेय. शेवटचा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू व्हावा आणि किमान २ तास आधी संपावा. भूल देणाऱ्यांनाही तो २ तासांचा रिकामा वेळ लागतोच.

लांबच्या पेशंटला सकाळच्या लिस्टमध्ये घालूच नका. त्यांची दुपारची लिस्ट करा आणि सगळी तयारी त्याच दिवशी तुमच्या वॉर्डात. शिरपूरचा माणूस ८ पर्यंत पोचतो. ८:३० ला पहिला ग्लास, दर १५ मिनिटांनी २५० मिली, म्हणजे २ तासांत २ लिटर. कुणी रेंगाळला तरी ११ ला संपतं आणि २ वाजता स्कोप घालता येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पेशंटला आदल्या संध्याकाळी मुक्कामीच बोलवा. एक अट मात्र आहे: चार पेशंटमागे एक संडास हवा. तो नसेल तर बाकी सगळं नियोजन कागदावरच राहील.

सिस्टर_नंदुरबार
सरांचं वेळेचं बरोबर आहे. त्यात पिण्याच्या चुकांची भर घालते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पावडर दोन ग्लास पाण्यात विरघळवून एका दमात पितात आणि 'वरून पाणी प्यायलो ना' म्हणतात. पीईजीचं द्रावण २ लिटरला मोजून बनवलेलं असतं. तेवढंच पातळ असलं की ते शरीरात शोषलं न जाता सरळ खाली जातं. घट्ट प्यायलं तर अंगातलं पाणी ओढून घेतं, मळमळ वाढते, आणि नंतरचं साधं पाणी मोठ्या आतड्यापर्यंत पोचायच्या आतच शोषलं जातं. म्हणून तांब्या-लोट्याचं माप सांगायचं नाही. पाण्याच्या १ लिटरच्या दोन बाटल्या त्यांच्यासमोर ठेवायच्या. गार केलं की चव सुसह्य होते. लिंबू पिळलं तर चालेल, साखर नको. उलटी झाली तर अर्धा तास थांबून निम्म्या वेगाने पुन्हा सुरू.

खाण्यात आता तीन-तीन दिवस उपाशी ठेवायची गरज राहिलेली नाही. साध्या, धोका नसलेल्या पेशंटला आदला एक दिवस कमी चोथ्याचं पुरतं: मऊ भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, सालाशिवाय बटाटा, अंडं. बद्धकोष्ठतेच्या पेशंटला मात्र जास्त दिवस पाळायला लावा. आणि 'भाजी खाऊ नका' एवढंच सांगू नका, आपल्याकडचं नाव घेऊन सांगा: भरीत नाही, कळण्याची भाकरी नाही, मेथी नाही, शेंगदाण्याचा कूट आणि तीळ नाहीत, ठेचा नाही, पेरू-टोमॅटो नाहीत. तुमच्या सक्शनमधली सालं बहुतेक मिरची-टोमॅटोची असणार. तसं अडकलं तर आधी सक्शन व्हॉल्व्ह काढून बघा, मग बायोप्सी चॅनलमधून (स्कोपमधल्या अवजारं घालायच्या नळीतून) ५० मिली सिरिंजने पाणी जोरात सोडा.

लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद, नाहीतर काळा डांबरासारखा थर धुतला जात नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या साखरेच्या गोळ्या ३ दिवस आधी थांबवायचं डॉक्टरांना विचारा, कारण उपाशी पोटी साखर नॉर्मल दिसत असतानाही किटोन वाढतात. आणि सातपुड्यातल्या पेशंटला सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड आहे का, हे विचारल्याशिवाय पावडर हातात देऊ नका. मे महिन्याच्या उन्हात जुलाबाने पाणी कमी झालं तर क्रायसिस (तीव्र वेदनेचा झटका) येऊ शकतो. अशा पेशंटची तयारी दाखल करूनच, सलाईन हाताशी ठेवून.

खर्च_वाचवा
एवढं कशाला? मॅनिटॉलची बाटली पाजा. स्वस्त, थोडंसंच प्यावं लागतं, तासाभरात पोट मोकळं.

गॅस्ट्रो_जळगाव
@खर्च_वाचवा, नको भो. मॅनिटॉल ही साखरेच्या जातीची वस्तू आहे. आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन तयार होतो. त्यात कॉटरीची (गाठ कापताना लावायच्या विजेच्या करंटची) ठिणगी पडली तर स्फोट होतो, अशा घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ९ मिमीपर्यंतचे पॉलिप (आतड्यातल्या गाठी) आता करंट न लावता कोल्ड स्नेअरनेच (तारेच्या फासाने) काढतात, हे खरं. तैवानच्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत ४ ते १० मिमीच्या पॉलिपनंतर उशिरा होणारा रक्तस्राव कोल्डने ०.४ टक्के आणि हॉटने (करंट लावून) १.५ टक्के होता. पण आत गेल्यावर २० मिमीचा सापडणार नाही, याची हमी कोण देतो? सोडियम फॉस्फेटही टाळा, पण स्फोटामुळे नव्हे, किडनीला धोका म्हणून.

आता एआय. २०१९ च्या चीनमधल्या चाचणीत अडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारा पॉलिप) सापडण्याचं प्रमाण २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेलं. वाढ मुख्यतः ५ मिमीच्या आतल्या पॉलिपमध्ये होती. उलट बाजूही बघा: पोलंडच्या २०२५ च्या निरीक्षणात एआयची सवय लागल्यावर, एआय बंद असताना त्याच डॉक्टरांचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. मशीन फक्त पडद्यावर दिसतं तेवढ्यावरच चौकट काढतं. थराखाली किंवा घडीमागे काय आहे ते त्याला कळत नाही, आणि फेस-मळावर मात्र चौकटी नाचत राहतात. माझं मत विचाराल तर कोटेशन सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवा. तोवर स्कोप बाहेर काढताना किमान ८ मिनिटं घेतली जातात का, याची नोंद ठेवा, आणि बोस्टन स्कोअर धुऊन झाल्यावर तीन भागांचा वेगवेगळा लिहा. प्रत्येक भागात २ किंवा जास्त आला तरच तयारी पुरेशी. बेरीज ६ येऊन उजवीकडे १ असेल तर ती नापासच.

एंडो_टेक_धुळे
दुपारची लिस्ट सोमवारी मांडतो. फेसासाठी आम्ही सिमेथिकॉनचे (फेस मोडणाऱ्या औषधाचे) थेंब वॉटर जेटच्या (स्कोपमधून पाण्याचा फवारा मारायच्या) बाटलीत टाकतो. ठीक आहे ना?

सिस्टर_नंदुरबार
नाही दादा, ते आजच बंद करा. त्या थेंबांत गोडवा आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. वॉटर जेटच्या चॅनलमध्ये ब्रश जात नाही, त्यामुळे थर आत वाळून राहतो आणि त्यात जंतू धरतात. सिमेथिकॉन तोंडाने, पीईजीच्या शेवटच्या ग्लासांसोबत द्या. स्कोपमधून द्यायचंच असेल तर अर्धा टक्का किंवा त्याहून पातळ करून, सिरिंजने, बायोप्सी चॅनलमधूनच. आणि वॉर्डात संडासाच्या दारावर चार बाटल्यांचा फोटो लावा: तपकिरी, गढूळ, नारिंगी, आणि हळदीच्या पाण्यासारखी पिवळी पारदर्शक. ज्याला वाचता येत नाही तोही बोट दाखवून सांगतो. तिसऱ्या बाटलीवर बोट असेल तर आणखी अर्धा लिटर पाजून नंबर खाली सरकवा. एनिमा लावून उजवी बाजू साफ होत नाही.