लास त्राम्पासची शेतं चिंचोळी का?

शेतपट्ट्या चिंचोळ्या का, याचं उत्तर पाण्यात आहे. १७५१ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर व्हेलेस काचुपिन यांनी सांता फेच्या १२ कुटुंबांना आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, लास त्राम्पासच्या डोंगरी खोऱ्यात जमीन दिली. कोमांची या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यांपुढे सरहद्दीवर वस्ती हवी होती, म्हणून घरं चौकाभोवती दाटीनं बांधली.

प्रत्येक पट्टी वरच्या पाटापासून खाली नदीकडे उतरते. वाटणी लांबीनं उभी चिरली, तरच प्रत्येक वारसाला पाटाचं तोंड मिळतं. आडवी केली तर खालचा भाऊ कोरडा! त्यामुळे पिढीगणिक रुंदी घटली. ओढा आडवा आला की कोरलेल्या ओंडक्यांच्या पन्हळीतून पाणी पलीकडे नेतात. गावाजवळ रस्त्यालगतची अशी पन्हळ आवर्जून पाहा. फांद्या-गाळ अडकला की ती काठावरून सांडते, म्हणून वसंतात पाणी सोडण्याआधी सामुदायिक पाटसफाई.