संयुक्त पूर्व परीक्षा: महाराष्ट्राचा इतिहास वाचून होतो, पण विधानांच्या प्रश्नांत मार्क जातात

शिरपूर_अभ्यासिका
एमपीएससीच्या गट-ब आणि गट-क संयुक्त पूर्वसाठी विचारतोय. सनावळ्या पाठ आहेत. तरी 'जोड्या लावा' आणि 'खालीलपैकी कोणती विधाने बरोबर' आलं की निम्मे प्रश्न चुकतात. अडीच महिने आहेत, इतिहासाला रोज दीड तास. वाचन कोणत्या क्रमानं करू? आणि आपल्या खानदेशाचं वेगळं काही करावं लागतं का?

तापीकाठ
भाऊ, आधी पुस्तक बाजूला ठेवा. आयोगाच्या संकेतस्थळावरून मागच्या सहा-सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा. सोबत उत्तरतालिका घ्याल ती अंतिमच घ्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात आणि काही उत्तरं बदलतात, त्यामुळे पहिलीवरून केलेला अभ्यास चुकीचा पक्का होतो.

प्रत्येक प्रश्नाचे चारही पर्याय सोडवा. चुकीचा पर्याय कुठल्या घटनेचा आहे, ते वहीत एका ओळीत लिहा. आजचा चुकीचा पर्याय पुढच्या पेपरात प्रश्न होऊन येतो. रोजचे दहा प्रश्न असे केले तर पाऊण तास जातो. उरलेल्या पाऊण तासात तेवढाच भाग स्टेट बोर्डाच्या पुस्तकातून वाचा.

विधानांत मार्क जातात ते सारख्या दिसणाऱ्या घटनांमुळे. त्यांची जोडवही करा. डाव्या पानावर एक घटना, उजव्या पानावर तिची जुळी, मध्ये फक्त फरक. आपल्या घरचंच उदाहरण घ्या. फैजपूर अधिवेशन डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौलाही काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि तिथंही अध्यक्ष नेहरूच. म्हणजे नुसतं '१९३६, नेहरू' पाठ असेल तर उत्तर येणार नाही. फैजपूर हे ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन, हा फरक लिहायचा. महाडचंही तसंच: चवदार तळं २० मार्च १९२७, मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७. प्रार्थना समाज १८६७ मुंबई, सार्वजनिक सभा १८७० पुणे, सत्यशोधक समाज १८७३ पुणे. ही तीन नावं एकाच पानावर हवीत, वेगवेगळ्या धड्यांत नकोत.

गिरणाकाठची_लेक
तापीकाठदादांच्या जोडवहीत 'तीन नाईक' नक्की घ्या, इथं फार जण घसरतात. उमाजी नाईक रामोश्यांचे, पुरंदरच्या भागातले, १८३२ ला फाशी. भागोजी नाईक भिल्लांचे, पण नगर-सिन्नरकडचे. खाज्या नाईक आपल्याकडचे, सेंधवा घाटाशी जोडलेले; आंबापाणीची लढाई एप्रिल १८५८.

खानदेशाचा भाग छोटा आहे, पण सुटा पाठ करू नका, साखळीनं धरा. १८१८ ला हा मुलूख पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. घाटवाटांवरचे भिल्लांचे हक्क तुटले, उठाव पेटले. नुसत्या लष्करानं ते आवरेनात, म्हणून १८२५ मध्ये आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी राहिली. कारण कळलं की 'भिल्ल कोअर आधी की उठाव आधी' असला प्रश्न चुकत नाही.

पुढे बेचाळीसचा लढा: नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार हुतात्मा झाले, आणि चिमठाण्याची खजिना लूट १९४४ ची.

थाळनेरकर
ताई, एक दुरुस्ती. पूर्ण खानदेश पेशव्यांकडून गेला नाही. बराच भाग होळकरांचा होता आणि तो जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानं इंग्रजांना मिळाला. तह झाल्यावरही थाळनेरच्या किल्लेदारानं किल्ला सोडला नाही, म्हणून फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेनं हल्ला केला आणि किल्लेदाराला फाशी दिली. 'सर्व' किंवा 'फक्त' हा शब्द विधानात दिसला की थांबायचं, ते याचसाठी.

आणखी एक, आजचा नकाशा जुन्या काळावर लावू नका. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे १९०६ चे, नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा.

शिरपूर_अभ्यासिका
ताई, दादा, दोघांचे आभार, जोडवही आजच सुरू करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मात्र परिषद, समिती, करार सगळं एकात एक मिसळतं. आणि खात्री नसेल तेव्हा प्रश्न सोडायचा की ठोकायचा?

तापीकाठ
त्या चळवळीत तारखेआधी 'कोण कुणाशी बोलत होतं' हे लिहा. संयुक्त महाराष्ट्र परिषद १९४६ ची, शंकरराव देवांची. अकोला करार ऑगस्ट १९४७, नागपूर करार सप्टेंबर १९५३. दोन्ही विदर्भाला सोबत घेण्यासाठी. समिती फेब्रुवारी १९५६ ची, अध्यक्ष डांगे, सचिव एस. एम. जोशी. समिती झाली ती विरोधी पक्षांची फळी, म्हणून १९५७ ची निवडणूक समितीच्या नावावर येते, परिषदेच्या नाही. १ नोव्हेंबर १९५६ मराठी-गुजराती असं द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० महाराष्ट्र. त्या वेळी अक्कलकुवा, तळोदा, नंदुरबार, नवापूरकडची काही गावं गुजरातेत गेली, तेही टिपून ठेवा.

ठोकण्याचा हिशेब असा: चुकीला पाव मार्क जातो. दोन पर्याय खात्रीनं उडवलेले आठ प्रश्न धरा. सरासरीनं चार बरोबर, चार चूक, म्हणजे तीन मार्क हाती. एकही पर्याय उडवता आला नसेल तर आठ प्रश्नांत सरासरी जेमतेम अर्धा मार्क, आणि नशीब फिरलं तर उणे. एका तासात १०० प्रश्न आहेत. असल्या प्रश्नावर दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका.